चौथ्या पेल्यात काय होतं

मित्रांनो, ज्या भांड्यात लोक थुंकतात त्याची कहाणी ऐकायला कोण बसणार, हे मला ठाऊक आहे. तरी घटकाभर बसा. मी एक जुनी पितळी पिकदाणी आहे. तोंड पसरट, कंबर बारीक, पोट गोल. आमच्याकडे मला उगालदान म्हणायचे. त्या नावाने कुणी बोललं की मला जरा बरं वाटायचं. पिकदाणी म्हटलं की लोक लगेच नाक मुरडतात. उगालदान म्हटलं तर निदान अर्थ कळायला थोडा वेळ जातो.

हैदराबादच्या एका कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं आणि आतून कल्हई केली. तिथून मी परभणीच्या दत्तराव वकिलांच्या बैठकीत आले. तिथे माझ्या शेजारी चांदीचं पानदान असायचं. अशिलं आली की पानदान मधोमध सरकवलं जायचं. काथ, लवंग, वेलदोडा, सुपारी, सगळं त्याच्या पोटात. चघळून झालं की उरलेलं माझ्याकडे. पहिल्या दिवसापासून मी त्या पानदानावर जळत आले. जळणं माझ्या पितळेतच आहे असं म्हटलंत तरी मी नाकारणार नाही.

दिवाळीला मात्र वकिलीणबाई मला चिंचेने घासायच्या. मग मी अशी लखलखायचे की आलेला पाहुणा थुंकायला कचरायचा. तेवढेच चार दिवस माझं कौतुक. पुढे वकील गेले, पान खाणारे कमी झाले. कुणी माझ्यात छत्र्या ठेवल्या, कुणी प्लास्टिकची फुलं खोचली. शेवटी नातवाने मला भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकलं. तिथे दिनकररावांची नजर माझ्यावर पडली आणि माझ्या आयुष्याला वेगळंच वळण लागलं.

दिनकरराव म्हणजे वाइनची चव सांगणारा माणूस. वीस वर्षं त्यांनी नाशिककडे हेच काम केलं होतं. इकडे जिंतूर तालुक्यात, येलदरीच्या अंगाला, आबासाहेब नावाच्या बागायतदाराने वाइनची द्राक्षं लावली होती आणि शेतातच लहानशी वायनरी बांधली होती. दिनकरराव मूळचे परभणीचे, म्हणून आबासाहेबांनी त्यांना बोलावून घेतलं.

वाइनची चव घेणारा माणूस वाइन पीत नाही, हे तुम्हाला सांगायला हवं. तो पेला उजेडात धरतो, रंग बघतो. पेला गरगर फिरवून वास घेतो. मग एक घोट तोंडात खेळवतो आणि थुंकून टाकतो. दिवसात वीस-वीस वाइन चाखायच्या तर गिळून कसं चालेल? म्हणून मी. टेबलाखाली, उजव्या हाताला.

आणि टेबलावर ते. उंच देठाचे, कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ काचेचे पेले. मित्रांनो, मी पानदान विसरले इतकी त्या पेल्यांवर जळले. लाल वाइन ओतली की पेला माणकासारखा दिसायचा. दिनकरराव त्याला दोन बोटांत अलगद धरायचे, नाक आत घालून डोळे मिटायचे, चार सुंदर शब्द बोलायचे. त्यानंतर तीच वाइन माझ्यात यायची, थुंकीसकट. माझ्याविषयी कुणी एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. पेले मऊ फडक्याने पुसून कपाटात जायचे. मला बन्सीधर, वायनरीतला जुना गडी, बाहेरच्या नळाखाली विसळून उपडी घालायचा. एखादा पेला फुटला की मला मनातून गुदगुल्या व्हायच्या.

साथीच्या वर्षी दिनकररावांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण नाक परत आलं नाही. वास गेला. जिभेला आंबट, गोड, कडू, तुरट एवढं कळायचं, त्यापुढे सगळं सपाट. ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही. पण मला कळली. पूर्वी त्यांची गुळणी बारीक धारेने यायची, माझ्या काठावर थेंब सांडायचा नाही. आता अर्धीच यायची. पुढे पुढे तर ते घोट गिळायलाच लागले. नाकाने नाही तर घशाने तरी काही सापडतंय का, असं शोधत असावेत. मग जुन्या वह्या काढून, मागच्या वर्षीचे शब्द वाचून ते आबासाहेबांना सांगायचे, "गूजबेरी आहे. ब्लॅककरंट आहे." आबासाहेब मान हलवायचे.

याच सुमाराला त्रिवेणी आली. मानवतची मुलगी, अन्नतंत्राची पदवी घेतलेली. वडील नव्हते. आई महानंदा बाजारात बांगड्यांचं दुकान चालवायची. लिंगायत घर, रोज हातावर लिंग घेऊन पूजा केल्याशिवाय पाणी नाही. तिथे वाइनचं नाव कसं काढणार? म्हणून महानंदाबाई शेजारीपाजारी सांगायच्या, "आमची पोरगी ज्यूसच्या कारखान्यात हाय."

पहिल्या दिवशी दिनकररावांनी तिच्यापुढे पांढऱ्या वाइनचा पेला ठेवला. सॉव्हिन्याँ ब्लां, आबासाहेबांच्या उत्तरेकडच्या पट्टीतली. आबासाहेबही खुर्ची ओढून बसले होते.

"काय येतंय?" दिनकररावांनी विचारलं.

तिने वास घेतला. घोट तोंडात फिरवला. माझ्याकडे वाकून, जरा संकोचून थुंकली. मग म्हणाली, "सर, कैरी चिरल्यावर विळीच्या पात्याला जो वास राहतो ना, तो. आणि शेवटी हिरव्या पेरूची साल."

आबासाहेबांनी तिच्या हातातला पेला घेतला, हुंगला आणि मांडीवर थाप मारली. "आरं, विळीच की! हुबेहूब विळी!"

मग लाल, शिराझ. तिने बराच वेळ घेतला. "जांभळाचं बी चोखून चोखून पांढरं झालं की जीभ कशी खरखरीत होते, तसं आहे. मागून मिरं येतंय. आणि अगदी तळाला... भिजून वाळलेली चामड्याची चप्पल."

"आता कळलं बगा सर," आबासाहेब हसत म्हणाले. "इतके दिस तुमी ब्लॅककरंट म्हणायचात अन् आमी मुंडी हालवायचो. ते करंट काय असतंय, आमच्या बापानं तरी बगितलंय का? ही पोरगी तर आमच्या रानातलं बोलायलीय."

सगळे हसले. दिनकररावही हसले. पण टेबलाखालून मला त्यांचा पाय दिसत होता. चपलेतला अंगठा घट्ट आवळला होता. मित्रांनो, तो अंगठा मी ओळखला. शेजारच्याच्या वाट्याला आपल्याला हवं ते आलं की असंच कुठेतरी काहीतरी आवळतं.

सव्वा वर्ष त्रिवेणी तिथे होती. दिनकररावांनी तिला शिकवलं हे खरं आहे. पेला कसा धरायचा, घोटात हवा कशी ओढायची, सकाळी अकराच्या आधी का चाखायचं, सगळं मनापासून शिकवलं. पण तिने एखादा वास अचूक पकडला की त्यांचा आवाज कोरडा व्हायचा. "वहीत नीट शब्द लिही. विळी-बिळी लिहू नकोस," ते म्हणायचे. ती लिहायची. आणि आबासाहेब आले की त्यांच्यासमोर विळीच सांगायची.

एके दिवशी आबासाहेब म्हणाले, "सर, तुमी आता थकलाव. पुढच्या हंगामापासून चवीचं सगळं काम त्रिवेणीकडं द्यावं म्हंतो. तुमी वरून देखरेख करा. पर आधी तिची एक परीक्षा घ्या. घ्याल ना?"

"घेतो," दिनकरराव म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी काचेचे पेले कपाटात राहिले. डोळे बांधून चाखायचं होतं आणि आबासाहेबांनाही रंग दिसू नये म्हणून स्टीलचे सहा पेले मांडले, वर बशा झाकल्या. तीन लाल, तीन पांढऱ्या, सगळ्या सारख्याच गार. कोणत्या पेल्यात काय, हे फक्त दिनकररावांच्या खिशातल्या कागदावर. पेले त्यांनी एकट्याने भरले होते. त्रिवेणी आणि आबासाहेब येण्याआधी त्यांनी तो कागद काढला, बराच वेळ बघितला आणि पेनाने दोन ठिकाणी खाडाखोड केली. मी टेबलाखाली होते. पेनाचा करकर आवाज मी ऐकला. ते काचेचे पेले आज कपाटात कोंडलेत, या आनंदात मी होते. त्या आवाजाकडे मी लक्ष दिलं नाही.

आबासाहेबांनी आपल्या गमछ्याने त्रिवेणीचे डोळे बांधले. तिने एकेक पेला चाखला. पहिला लाल. दुसरा लाल, "याला मिरं जास्त आहे." तिसरा पांढरा. चौथ्याला ती थांबली, जरा हसली. "पांढरी. उत्तरेच्या पट्टीतली. ही मी झोपेतही ओळखीन." पाचवा लाल. सहावा पांढरा.

ती माझ्यात थुंकायची तेव्हा आबासाहेब दर वेळी तोंड फिरवायचे. थुंकणं बघवायचं नाही त्यांना. त्यामुळे धारेचा रंग कुणी पाहिला नाही. पाहिला तो मी एकटीने. चौथी धार पांढरी होती.

दिनकररावांनी कागद उलगडला. "चौथा पेला, लाल. पाचवा, पांढरा."

त्रिवेणीने गमछा काढला. "सर, पेले दाखवा."

पण पेले दाखवायला उरले नव्हते. सहाव्या पेल्यानंतर तिच्या डोळ्यांवर अजून गमछा होता आणि आबासाहेब टेबलापासून उठून खिडकीशी तंबाखू मळत उभे होते, तेवढ्यात दिनकररावांनी सगळे पेले एकामागून एक माझ्यात उपडे केले होते. मित्रांनो, माझी लाज तुम्हाला सांगते. आयुष्यात पहिल्यांदा न थुंकलेली वाइन माझ्या पोटात आली होती. सहा प्रकारची, काठोकाठ, अगदी पेल्यांना मिळते तशी. मी हरखून गेले. जन्मभर जे मागितलं ते मिळालं होतं. वर एका मुलीचं खरं बुडत होतं आणि ते माझ्याच पोटात बुडत होतं, हे मला जरा उशिरा उमगलं.

"लाल अन् पांढरं बी वळखंना व्हय?" आबासाहेब हळूच म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. तेच तिला लागलं असावं. तिने दिनकररावांकडे एकदा पाहिलं, ॲप्रन काढून खुर्चीवर ठेवला आणि दुपारच्या एसटीने मानवतला निघून गेली.

त्यानंतर दोन आठवडे दिनकरराव एकटेच चाखत होते आणि मी कोरडी होते. दोन नंबरच्या टाकीतली पांढरी वाइन बाटल्यांत भरायची होती. आबासाहेबांची पहिली मोठी मागणी होती, पुण्याकडची. दिनकररावांनी घोट घेतला, गिळला आणि म्हणाले, "ठीक आहे. भरा." पांढरी वाइन आंबट असतेच. तो आंबटपणा द्राक्षाचा की बिघाडाचा, हे नाक सांगतं, आणि नाक तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बन्सीधर दारात आला. "सर, दोन नंबरच्या टाकीपाशी चिलटं लय जमायलीत. बाकीच्या टाक्यांपाशी एक न्हाई."

दिनकरराव तसेच उठले. जाताना मला हातात घेऊन गेले, पुन्हा चाखायचं म्हणून. टाकीच्या तोटीभोवती चिलटांचा ढग होता. व्हिनेगराला चिलटं लागतात, हे त्यांनीच कितीदा शिकवलं होतं. त्यांनी तोटी उघडून पेला भरला, नाकाशी नेला, पुन्हा नेला. मग बन्सीधरच्या पुढे धरला. "बन्सीधर, तू सांग. कशाचा वास येतोय?"

"शिरक्याचा की, सर. लांबूनच येतोय. तुमाला न्हाई येत?"

दिनकररावांनी तो पेला माझ्यात उपडा केला. "नाही रे. मला दोन वर्षांत कशाचाच वास आला नाही."

त्यांनी भरणं थांबवलं आणि तसेच आबासाहेबांकडे गेले. मला खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. ताप, वह्या, खाडाखोड, सगळं. आबासाहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, तुमचं नाक गेलं त्याचा आमाला राग न्हाई. तुमी त्या पोरीचं नाक कापलंत, त्याचा हाय. टाकी सुधारती का ते बगू. पर आदी मानवतला जा."

दुसऱ्या दिवशी निघताना दिनकररावांनी मलाही नायलॉनच्या पिशवीत घातलं. का, ते मला वाटेत कळेना. जिंतूरहून परभणी, तिथे गाडी बदलून मानवत. मांडीवर पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात ठेवून ते सगळ्या वाटेने बसले होते.

महानंदाबाईंचं घर दुकानाच्या मागेच होतं. त्रिवेणी फरशीवर बसून बांगड्या मापाप्रमाणे लावत होती. दिनकररावांनी मला पिशवीतून काढून खाली ठेवलं.

"हे काय आणलंत देवाच्या खोलीसमोर?" महानंदाबाई दचकून म्हणाल्या.

"महानंदाताई, तुमची मुलगी सव्वा वर्ष माझ्या हाताखाली होती. तिनं तोंडात घेतलेला प्रत्येक घोट या भांड्यात गेला. एक थेंबही पोटात गेला नाही. गिळायचो मी. हे तुम्हाला सांगायला आलो." मग ते त्रिवेणीकडे वळले. "आणि चौथ्या पेल्यात पांढरीच होती. उत्तरेच्या पट्टीतली. कागद मी बदलला. मला वास येत नाही त्रिवेणी. तुला येतो. ते मला बघवलं नाही."

त्रिवेणीच्या हातातल्या बांगड्या तशाच राहिल्या. "मला माहीत होतं सर, असं म्हणायला मला आवडलं असतं," ती म्हणाली. "पण मला माहीत नव्हतं. मला तुमचं खरं वाटलं. दोन आठवडे आईच्या हातची आमटी खाताना मी विचार करायलेय, यात चिंच आहे की आमसूल, हे तरी मला खरंच कळतंय का. माझ्याच जिभेवर माझा भरवसा राहिला नाही. त्याचं काय करायचं?"

दिनकरराव मान खाली घालून उभे राहिले. आपल्या गुरूला असं उभं बघणं तिलाही सोपं गेलं नसावं, पण ती "बसा" म्हणाली नाही.

मग महानंदाबाई पुढे आल्या. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि, मित्रांनो, माझ्या तोंडाशी नाक नेलं. डोळे मिटले. अगदी पेल्यावर मिटतात तसे. मी शहारले.

"नुसत्या पाण्यानं इसळलीय," त्या म्हणाल्या. "चिंच लावली न्हाई कैक दिस. तळाची कल्हई गेलीय, पितळ बोलायलंय. अन् काल ह्यात काय तरी आंबून गेलेलं पडलं. पर त्याच्या खाली एक वास हाय... कैरी चिरलेल्या विळीवानी."

त्रिवेणी आईकडे बघतच राहिली. सव्वा वर्ष जे नाक ती स्वतःचं समजत होती ते कुठून आलं, हे तिला त्या क्षणी दिसलं. ती हसली आणि लगेच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई, आमटीत काय होतं मग?"

"आमसूल. चिंच संपलीय." महानंदाबाईंनी मला खाली ठेवलं. "जायचं का न्हाई, ते तुझं तू ठरव. ह्या घरात बाटली यायची न्हाई, येवढंच माझं म्हननं हाय. अन् सर, तुमी बसा आता. उभं ऱ्हाऊन काय होनार हाय?"

त्रिवेणी परत आली. चवीचं काम आता तिचं आहे. दोन नंबरची टाकी सुधारली नाही, ती ओतून द्यावी लागली. दिनकररावांना आबासाहेबांनी टेबलावरून उठवलं. ते आता द्राक्षाच्या छाटणीकडे बघतात. बरेच दिवस ते चाखायच्या खोलीत फिरकलेसुद्धा नाहीत. मग एका सकाळी कात्री हातात घेऊन दारात उभे राहिले. त्रिवेणीने पेल्यातून नाक न काढता म्हटलं, "खुर्ची ओढा, सर."

ते बसले. ती वास घेत सांगू लागली. "शिराझ, डोंगराकडची. आधी गुलकंद. मग भाजलेल्या वांग्याची साल, करपलेली. थांबा... सरकीच्या पेंडीसारखं काहीतरी." दिनकररावांनी डोळे मिटले होते. त्यांचे ओठ हलत होते. पूर्वी त्यांनाही हे वास येत असत, ते आठवून ते एकेक शब्द जिभेवर घेत असावेत. "आणि मागून?" त्यांनी विचारलं. "मागून अजून यायचंय," ती म्हणाली. दोघं वाट बघत बसले. तेव्हापासून ते रोज येतात. तिने अजून त्यांना माफ केलंय की नाही, मला सांगता येणार नाही. ती सांगते आणि ते ऐकतात, एवढं खरं.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. मला आठवड्यातून एकदा चिंचेने घासा. कल्हईवाला सापडला तर तळाला कल्हई करून घ्या. आणि तुमच्याकडून गेलेली एखादी गोष्ट दुसऱ्यापाशी दिसली, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. त्याच्या कागदाला हात लावू नका. हे सांगण्याचा मला कितपत अधिकार आहे, देव जाणे. मी अजूनही त्या काचेच्या पेल्यांवर जळते. आज सकाळीच त्यातला एक टेबलावरून पडला आणि मला बरं वाटलं. बन्सीधरला दुसरं काही हाताशी सापडेना, म्हणून त्याने काचा माझ्यातच गोळा केल्या. दुपारपर्यंत तो पेला माझ्या पोटात होता. त्याला अजून वाइनचा वास येत होता, पण माझ्यासारखाच, नुसता उरलेला. पुढे बन्सीधरने काचा बाहेर नेऊन टाकल्या.

एक बारीक तुकडा तळाशी राहिला आहे. मला घासायला घ्याल तेव्हा हात जपा.